खारी झोपायला उठतात

थंडघरात जायचं तर आधी बूट काढायचे, मग खिशातल्या किल्ल्या दाराशी ठेवलेल्या वाटीत टाकायच्या, आणि मग तोंड मिटायचं. एवढं न करणाऱ्याला हळूकाका आत घेत नसत, मग तो बागेचा सर्वांत मोठा साहेब का असेना. त्यांचं खरं नाव त्यांच्या आईला ठाऊक होतं आणि ती गेल्यावर त्याची फारशी गरज कुणाला पडली नव्हती. उठता बसता 'हळू, हळू' म्हणणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार?

थंडघर म्हणजे बागेतल्या प्राणी-दवाखान्याचं तळघर. पानगळ संपत आली की लोक तिथं काय काय घेऊन येत. अंगात पुरेशी चरबी न धरलेलं कासव. कुणाच्या माळ्यावरून खाली पडलेलं वटवाघूळ. बांधकामात बीळ उकरलं गेल्यामुळे बेघर झालेल्या खारी. मुठीत मावणारा झोपाळू उंदीर, आपलंच शेपूट नाकावर ओढून घेतलेला. हळूकाका त्यांना खाऊपिऊ घालून गरगरीत करत, आणि थंडी पडली की ज्याला त्याला वाळक्या पानांच्या खोक्यात घालून फळीवर ठेवून देत. दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी लागे: 'शीतनिद्रा चालू आहे.' मग वसंतापर्यंत एकच काम, कुणाला उठू द्यायचं नाही.

वरवर पाहता हे बसून खायचं काम. पण असा जीव मध्येच दचकून उठला तर अंग तापवण्यात एवढी चरबी जाळतो की ती त्याची पुढची कितीतरी दिवसांची शिदोरी असते. फार वेळा उठवलं तर वसंत येतो, पण तो जीव नसतो. म्हणून हळूकाका निळ्या अंधुक उजेडात, पायांत लोकरी मोजे घालून, खोक्यांमधून फिरत. अधूनमधून एखादं खोकं उचलून वजन करत. कधी कधी कासवाच्या खोक्याला कान लावून उभे राहत, आणि एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत इतका वेळ जाई की मधल्या वेळात त्यांचीच पापणी जड व्हायची. तिथं उभं राहिलं की जगात घाई नावाची वस्तू आहे हे खोटं वाटायचं.

वरच्या मजल्यावर कारभार नेमका उलटा होता, आणि तो त्यांच्या बायकोच्या हाती होता. ते बियाणेघर. जगभरच्या झाडांच्या शेंगा तिथं पोत्यांनी येत, आणि त्यांतल्या बियांना जागं करायचं हे शेंगाबाईंचं काम. बी उठायला सोपं नसतं. कुणाला कानशीवर घासावं लागतं, कुणाच्या डोक्यावर उकळतं पाणी ओतावं लागतं. कुणी अख्खा हिवाळा थंडीत काढल्याशिवाय डोळाच उघडत नाही. काही शेंगा तर वर्षानुवर्षं झाडावरच मिटून बसतात, आणि रानाला आग लागली की मगच तोंड उघडतात. शेंगाबाई त्यांना काडी ओढून दाखवत आणि म्हणत, "घ्या, तुमच्या मनासारखं झालं."

"माझा जन्म उठवण्यात चाललाय आणि यांचा झोपवण्यात," असं त्या ज्याला त्याला सांगत. "आमच्या घरात एकमत व्हायचं तरी कसं?"

आणि खरंच, त्या हिवाळ्यात एकमत झालं नाही. कारण होते दादा.

दादा म्हणजे हळूकाकांचे थोरले भाऊ. सारा जन्म बेकरीत गेला. रात्रभर भट्टीपुढे, आणि दिवसा झोप. बेकरीच्या वरच त्यांची खोली, भट्टीचं धुराडं तिच्या भिंतीतून जायचं, त्यामुळे ऐन थंडीतही ती भिंत हात लावला की ऊबदार. पानगळीत वहिनी गेल्या. अचानक, चहाचा कप हातात असताना. दादांनी बेकरी विकली, एक पेटी घेतली आणि ते धाकट्या भावाच्या घरी, मागच्या खोलीत येऊन आडवे झाले. त्यानंतर ते जवळजवळ उठलेच नाहीत. ताट नेऊन ठेवलं तर दोन घास खात. हाक मारली तर 'हं' म्हणत. बाकी डोळे मिटलेले.

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, शरीरात बिघाड काही नाही, पण माणूस उतरत चाललाय, लक्ष ठेवा.

आता लक्ष ठेवणं म्हणजे काय, हे ज्याच्या त्याच्या धंद्यावर असतं. शिंप्यानं भावाला नवे कपडे शिवले असते. हळूकाकांनी भावाला थंडघर करून दिलं. मागच्या खोलीला जाड पडदा लावला, खोलीतला हीटर काढून बाहेर ठेवला, कारण उबेनं झोप चाळवते. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. घरात रेडिओ बंद, मिक्सर बंद, फोडणी दार लावून. येणाऱ्याजाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून सांगायचं, "दादा झोपलेत." हे सगळं त्यांनी इतक्या मायेनं केलं की कुणाला त्यात चूक दिसायची सोयच नव्हती.

"दुःखाचा हिवाळा आहे हा," ते बायकोला म्हणाले. "काढू दे झोपून. वेळ झाली की उठेल आपला आपण."

"आणि नाही उठले तर?"

"उठवायचं नसतं गं. उठवलं की जीव खर्च होतो."

"भाऊजी म्हणजे काय तुमची खार आहेत?" शेंगाबाई म्हणाल्या. "माझं विचाराल तर त्यांचं टरफल जाड झालंय. कुणीतरी घासायला पाहिजे."

"तुला काय, दिसला की घासला!"

असं त्यांचं कुजबुजत भांडण चाले. कुजबुजत भांडण्यात एक गंमत असते, समोरच्याचे डोळे मोठे मोठे होत जातात आणि आवाज काही येत नाही. पण दिवस जात होते तशी गंमत कमी होत गेली. हळूकाका सकाळी ताट ठेवताना दादांचं मनगट हातात घेऊन बघत. वजनाचा अंदाज त्यांच्या बोटांत होता, काट्याची गरज नव्हती. मनगट दर आठवड्याला हलकं लागत होतं. एखाद्या खारीचं असं झालं असतं तर त्यांनी तिला केव्हाच वर आणून दूध पाजलं असतं. दादांच्या बाबतीत मात्र त्यांचा हात धजेना. उठवलं आणि त्यातच काही झालं तर? नाही उठवलं आणि असेच विरघळून गेले तर? त्या दोन भीतींच्या मध्ये ते लोकरी मोजे घालून उभे राहिले होते.

एका दुपारी शेंगाबाईंनी ठरवलं की आता पुरे. नवरा तळघरात असताना त्यांनी बियाणेघरातून चपट्या तपकिरी शेंगांनी भरलेलं सूप आणलं. त्या जातीच्या शेंगेची एक खोड आहे. वाळत वाळत तिच्या दोन्ही फाकी उलट्या दिशेनं पीळ खायला लागतात, पण शिवण काही सुटत नाही. पीळ वाढत जातो, वाढत जातो, आणि मग ऊन नाहीतर ऊब लागली की एकदम फाटकन फुटते. बी असं सुटतं की खोलीच्या या टोकाचं त्या टोकाला. शेंगाबाईंनी हीटर परत आत नेला, त्याच्यापुढे सूप ठेवलं, आणि पदर तोंडात धरून दारात उभ्या राहिल्या.

खोली तापली. एक शेंग फुटली, टाच्! बी कपाटाच्या आरशावर आपटलं. मग दुसरी, तिसरी, मग नुसती लाह्यांसारखी झड लागली. बिया छताला लागल्या, पाण्याच्या तांब्यात पडल्या. एक तर थेट दादांच्या छातीवर पांघरुणावर पडली. दादांची पापणीही हलली नाही.

हळूकाका घरी आले तेव्हा बायको जमिनीवर बसून बिया वेचत होती आणि रडत होती.

"कुंभकर्णसुद्धा उठला असता हो," ती म्हणाली. "एवढे बार उडाले आणि हे आपले तसेच. मला नाही बघवत. हे असेच जातील एक दिवस, आणि आपण बाहेर बसून म्हणत राहू, झोपलेत, झोपलेत."

हळूकाकांनी रागानं हीटर उचलला आणि बाहेर नेला. मग परत येऊन ते तिच्याबरोबर बिया वेचायला बसले. ती म्हणाली ते त्यांनाही रोज वाटत होतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडघरात प्राण्यांची डॉक्टरीण आली होती. पोरसवदा बाई, पण बूट काढायची, किल्ल्या वाटीत टाकायची, म्हणून हळूकाकांची लाडकी. तिनं एका खारीच्या डोक्याला केसाएवढ्या बारीक तारा चिकटवल्या होत्या, आणि त्या तारा एका छोट्या पडद्याला जोडल्या होत्या. कितीतरी दिवस त्या पडद्यावर रेघ होती ती जवळजवळ सरळ. जणू आत कुणी राहतच नव्हतं.

आज खार स्वतःहून जागी होत होती. थंडीच्या मध्यात असं अधूनमधून होतंच, हळूकाकांना ते नवं नव्हतं. कुणी न उठवता, कुणी हाक न मारता खारीचं अंग थरथरायला लागतं, तापत जातं, श्वास भरभर चालतो. ते याला 'कूस बदलली' म्हणत. थोड्या वेळानं परत सगळं गार.

खार तापली. तिनं जरा नाक हलवलं, अंगाचं वेटोळं नीट करून घेतलं, आणि पडद्यावरची रेघ हलू लागली. मोठ्या, संथ लाटा, एकीमागून एक.

"झोपली," डॉक्टरीण हळूच म्हणाली.

"आता झोपली?" हळूकाका म्हणाले. "आत्ता तर उठली."

"झोपायलाच उठली, काका."

हळूकाकांना वाटलं, पोरगी थट्टा करते आहे.

"खरंच सांगते. इतके दिवस ती झोपली नव्हती. बंद होती. अंग इतकं गार पडतं की मेंदूला झोपसुद्धा घेता येत नाही. झोपेची भूक मात्र वाढत जाते. मग कधीतरी ती आपली चरबी जाळते, अंग गरम करते, आणि गरम झाल्यावर खाणं नाही, पिणं नाही, आधी झोपते. असं का, ते अजून कुणाला धड कळलेलं नाही. पण झोपेला ऊब लागते एवढं नक्की."

"मग मी पाटीवर लिहिलंय ते? शीतनिद्रा?"

"नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा," डॉक्टरीण हसली. "शीत आहे. निद्रा कुठाय?"

हळूकाकाही हसले. पडद्यावरच्या लाटा बघत राहिले. लाट यायची, जायची, खारीची मिशी किंचित हलायची. बघता बघता त्यांना वाटलं की आपणही त्या पाण्यात कमरेएवढे उभे आहोत आणि पायाखालून काहीतरी सरकतं आहे. मग ते काय सरकलं ते त्यांच्या ध्यानात आलं.

झोपलेला माणूस 'टाच्' झालं की दचकतो. कितीही गाढ असला तरी एवढे बार उडाल्यावर निदान कुशीवर वळतो. जो अजिबात दचकत नाही, तो आधीच कान देऊन पडलेला असतो.

ते तसेच मोज्यांवर पायऱ्या चढले, आणि बूट हातात घेऊन घरापर्यंत पळाले.

मागची खोली अंधारी होती. हळूकाकांनी दार लावून घेतलं आणि पलंगाशी बसले. त्यांच्या श्वासाची वाफ दिसत होती. आपल्याच घरात श्वासाची वाफ दिसते आहे हे त्यांनी एवढे दिवस पाहिलं नव्हतं.

"दादा," ते म्हणाले. "तू जागा आहेस ना?"

मग दादांनी डोळे उघडले. लालभडक, कोरडे.

"आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"ती गेल्यापासूनच रे. मध्ये कधी डोळा लागला असेल तर असेल." दादांचा आवाज पिठाच्या पोत्यातून यावा तसा येत होता. "रात्री तुम्ही दोघं घोरता ते ऐकतो. बरं वाटतं."

"अरे, मग बोलायचंस! आम्ही समजत होतो तू झोपलायस."

"तेच तर," दादा म्हणाले. "तुम्ही बिचारे चवड्यांवर चालायचात. तुझ्या बायकोनं शिंकसुद्धा दाबून धरलेली मी ऐकली आहे. म्हटलं, एवढं करतायत, आणि हा टक्क जागा, असं दिसलं तर किती वाईट वाटेल. म्हणून डोळे मिटून राहायचो. काल त्या शेंगा फुटल्या ना, तेव्हा फार हसू आलं होतं. दाबलं."

झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला करता येत नाही, असं म्हणतात. पण म्हणणाऱ्यानं हे कुठं सांगितलंय की सोंग घेणाऱ्यावर आपणच ते लादलेलं असतं? त्यांनी दादांचा पाय पांघरुणात चाचपला. बर्फ.

"थंडी वाजत होती का?"

"वाजते थोडी," जन्मभर भट्टीशेजारी झोपलेला माणूस म्हणाला. "पण तू मुद्दाम हीटर नेलास. म्हटलं, याला त्यातलं कळतं."

हळूकाका उठले. हीटर आणला, लावला. जाडा पडदा ओढला तो रिंगांसकट खाली आला. मग आपला कोट टाकून ते सरळ दादांच्या पांघरुणात शिरले. दोन म्हातारे आणि एका माणसाचा पलंग. दादांनी लहानपणी करत तेच केलं. आपले गार पाय धाकट्याच्या पोटऱ्यांना लावले. हळूकाका किंचाळले आणि दोघंही हसले.

"झोप येतच नाही का?" हळूकाकांनी विचारलं.

"शांततेत कशी येणार? तुझी वहिनी सकाळी मी आडवा झालो की पलंगावर बसून जी बोलायला सुरुवात करायची. खिडकीतून दूधवाल्याशी भांडायची. कुणाच्या सुनेचं काय झालं, कुणाची मांजर कुठं व्याली. मला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. पण ती बोलायची थांबली की मला जाग यायची." दादा भावाकडे वळले. "तू बोल ना काहीतरी."

अख्खा जन्म तोंड मिटून काढलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे मुक्याला कीर्तनाला उभं करण्यासारखं. कुणाच्या सुनेचं काय झालं हे हळूकाकांना माहीत नव्हतं. त्यांना जे माहीत होतं ते एकाच प्रकारचं होतं. म्हणून त्यांनी तेच सांगायला घेतलं.

एक बेडूक आहे, ते म्हणाले, तो पानांखाली चक्क गोठतो. हृदयसुद्धा बंद. हातात घेतला तर दगड. आणि वसंत आला की आधी त्याचं हृदय चालू होतं, पाय मागाहून. अस्वलीण गुहेत पडल्या पडल्याच बाळंत होते, बाहेर बर्फ पडत असतो आणि पिलं आत दूध पीत असतात. डोंगरातल्या जाड्या खारींचं तर अख्खं कुटुंब एका बिळात एकमेकांना बिलगून असतं. मोठी आपली चरबी जाळून अंग तापवतात, आणि त्या उबेवर बारकी हिवाळा काढतात.

"भट्टीची भिंत," दादा पुटपुटले.

"हो. भट्टीची भिंत." हळूकाका बोलत राहिले. काही शेंगा झाडावरच राहतात, दादा, पानं गेली तरी. वारा आला की आतल्या बिया खुळखुळतात. काही बिया पक्ष्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजतच नाहीत. काही तर आगीची वाट बघतात. वर्षानुवर्षं. मग जमीन काळी होते, राख गार होते, आणि त्या राखेत बी पडतं. खिडकीबाहेर धुकं होतं, हीटरची नारिंगी रेघ भिंतीवर पसरत होती, आणि हळूकाकांना आपलाच आवाज लांबून, कुठल्यातरी बिळातून येतो आहे असं वाटायला लागलं होतं. बेडूक, अस्वल आणि शेंगा आता एकमेकांत मिसळून चालल्या होत्या. अस्वलीण शेंगेत शिरली, बेडूक आगीची वाट बघू लागला. कुणी हटकलं नाही.

दादांचा श्वास बदलला होता. तो आता तळघरातल्या पडद्यावरच्या रेघेसारखा यायचा, जायचा, मोठा आणि संथ. त्यांचं तोंड किंचित उघडं पडलं होतं, आणि डोकं हळूकाकांच्या खांद्यावर होतं. इतके दिवस झोपेत त्यांचं तोंड कधी उघडं दिसलं नव्हतं, हेही हळूकाकांना तेव्हाच आठवलं.

आणि त्यांचा घसा बसला. जन्मात एवढं बोलायची सवय नव्हती. एक शब्द फुटेना. खोलीत शांतता पडली, आणि दादांच्या कपाळावर एक आठी उमटली. हळूकाका घाबरून गेले.

तेवढ्यात शेंगाबाई जेवायला घरी आल्या. बोडकी खिडकी, खाली पडलेला पडदा, लावलेला हीटर, आणि एका पलंगावर दोन भाऊ. सवयीनं त्यांनी चपला हातात घेतल्या.

हळूकाकांनी जिवाच्या आकांतानं खूण केली. तोंडापुढे बोटं उघडमीट करून दाखवली. बोल. बोल!

शेंगाबाईंना कळलं की नाही कोण जाणे. पण त्यांनी दादांच्या तोंडाकडे बघितलं, घोरण्याचा पहिला बारीक सूर ऐकला, आणि चपला धाडकन खाली टाकल्या. पलंगाच्या दुसऱ्या कडेला बसून त्या आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात सुरू झाल्या. "तर भाऊजी, आज आमच्याकडे काय झालं माहितेय का? नवी शेंगांची पोती आली, आणि आमच्या साहेबांनी पोत्यात हात घातला मात्र..."

दादांच्या कपाळावरची आठी मावळली.

हळूकाकांनी आपला बधिर झालेला हात अलगद सोडवून घेतला आणि ते स्वयंपाकघरात गेले. तिथं त्यांनी नळ पूर्ण सोडला, सकाळची भांडी मोरीत ओढली, आणि रडत रडत, जमेल तितकी आपटून, ती घासायला बसले.